पिरियड चौदा ते अठरा

“खोक्यात आणखी काही निघालं का?” डेनिसनं दारातूनच विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “रिळंच आहेत. एकोणीस.”

तो दोन पावलं आत आला. वाकून खोक्यात बघितलं, हातानं कोपरे चाचपले आणि निघून गेला. पाइपच्या तंबाखूचा एक गोल पत्र्याचा डबा त्या वेळी माझ्या जेवणाच्या पिशवीत होता, चपाती-भाजीच्या डब्याखाली. सहा वर्षांच्या नोकरीत बॉसशी मी बोललेलं ते पहिलं खोटं.

आता नीट पहिल्यापासून सांगते. मी मूळची कोल्हापूरची. तिथल्या एका स्टुडिओच्या लॅबमध्ये निगेटिव्ह कटर होते. म्हणजे काय, तर शूट झालेल्या फिल्मचे नको ते तुकडे कापायचे आणि हवे ते जोडायचे. पांढरे सुती हातमोजे घालून आठ तास मान खाली. पुढं लग्न झालं. यशवंतांचा विषय माती. मातीत काय असतं ते शिकायला ते अमेरिकेला आले, मग मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत शिकवायला लागले, आणि त्यांच्यामागून मी आले. गावाच्या चहूकडे मका. बघावं तिकडं मका. तिथल्या ऑडिओ-व्हिज्युअल सेंटरमध्ये मला काम मिळालं. डेनिस तिथला मॅनेजर. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं, सगळीकडे व्हिडिओ येत होता, आणि जुन्या फिल्मा व्हिडिओ टेपवर उतरवायचं काम माझ्याकडे होतं.

त्या गावात देव एकच, फुटबॉल. मला आधी वाटलं, वा, आपण कोल्हापूरचे! आमच्याकडे फुटबॉलवरून पेठापेठांत डोकी फुटतात. इथं येऊन बघते तर चेंडू हातात, डोक्यावर हेल्मेट आणि एकमेकांच्या अंगावर रेडे सोडल्यागत धावून जायचं. पायाचा संबंध पळण्यापुरता. ह्याला फुटबॉल का म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही.

त्यात हेड कोच टीव्हीवर दिसतो आणि असिस्टंट कोच चिखलात दिसतो. कोच मर्ल असिस्टंट कोच होते. एकतीस वर्षं. ह्या काळात चार हेड कोच आले आणि गेले, हे आपले तिथंच. तालमीतला वस्ताद असतो ना, तसा माणूस. पोरांना घडवायचं, रगडायचं, कुणाच्या घरी आजारपण असेल तर जाऊन बसायचं. गावातला न्हावीसुद्धा त्यांच्याकडून पैसे घेत नसे. त्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी, एक मोठं बँक्वेट, म्हणजे सत्काराची मेजवानी, ठरलं होतं. प्रॅक्टिसच्या मैदानाला कोच मर्ल यांचं नाव द्यायचं होतं. त्या वेळी दाखवायला वीस मिनिटांची टेप करायची होती, आणि ते काम डेनिसनं माझ्या गळ्यात घातलं. जुनी रिळं कोच स्वतः पिकअपमधून घेऊन आले. सहा फूट चार इंच माणूस, खोकं उशीसारखं उचललं होतं. “तुमच्या हवाली, मॅम,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रूथबाई आल्या. साठीच्या, बारीक चणीच्या, कॅफेटेरियात कामाला. त्यांनी पाकिटातून एक फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. युनिफॉर्ममधला मुलगा. छातीवर त्रेसष्ट नंबर.

“माझा डॅनी. टेपमध्ये घ्याल ना?”

सोळा वर्षांपूर्वी ऑगस्टच्या प्रॅक्टिसमध्ये तो उन्हानं गेला होता. रूथबाईंनी ते मला कॉफीचा कप हातात धरून सांगितलं, अगदी शांतपणे. डॅनीला बरं वाटेना, तो कुणाला न सांगता ड्रिलमधून, म्हणजे सरावातून, बाहेर पडला आणि सामानाच्या शेडमागं जाऊन पडला. सापडला तोवर उशीर झाला होता. चौकशीतही हेच आलं.

“एक शब्द बोलला असता तर वाचला असता,” त्या म्हणाल्या. “पण लहानपणापासून तसाच. लाजाळू. शाळेत तहान लागली तरी बाईंना विचारायचा नाही. कोच मर्लनं त्या दिवसापासून आम्हाला अंतर दिलं नाही. दर हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ तेच काढतात. सोळा हिवाळे.”

त्या गेल्यावर माझे डोळे भरून आले होते. म्हटलं, ह्या माणसाची टेप अशी करू की बँक्वेटमध्ये एक डोळा कोरडा राहायला नको.

आणि तिसऱ्या दिवशी त्या ऑगस्टचं रीळ टेबलावर आलं.

प्रॅक्टिसची फिल्म कशी काढतात ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मैदानाच्या कडेला एक उंच लोखंडी मचाण असतं. कॅमेरामन त्यावर उभा राहतो आणि खेळ सुरू असेल तेवढाच वेळ कॅमेरा चालवतो, कारण फिल्म महाग. आवाज नसतो. प्रॅक्टिसचे पाच-पाच मिनिटांचे भाग पाडलेले असतात, त्याला पिरियड म्हणतात. भोंगा वाजला की कडेच्या फळ्यावरचा नंबर बदलतो, आणि दर वेळी आधी तो नंबर टिपायचा, मग खेळ. म्हणून फिल्म बघताना किती वाजले नसतं कळत, पण कितवा पिरियड ते कळतं.

ह्या रिळात तेरा नंबरनंतर एकदम एकोणीस आला. मी फिल्म हातात घेतली. मध्ये जोड होता. वाईट जोड, घाईत मारलेला, सिमेंट, म्हणजे फिल्म चिकटवायचा डिंक, बाहेर आलेलं. आता फिल्मच्या कडेला कंपनी कारखान्यातच बारीक आकडे छापते, दर अर्ध्या फुटाला एक, चढत्या क्रमानं. ते आकडे बघायची मला सवय. जोडाच्या अलीकडं आणि पलीकडं साठ फुटांचा फरक. म्हणजे साठ फूट कुणीतरी कापले होते.

मी खोकं पुन्हा उपसलं. तळाला वर्तमानपत्राखाली तंबाखूचा डबा होता. झाकणाला वैद्यकीय पट्टी गुंडाळलेली. आत तंबाखूच्या वासाची, घट्ट गुंडाळलेली फिल्म. कडेचे आकडे लावून बघितले. तंतोतंत जुळले.

फिल्म बघायच्या टेबलावर चढवली. पिरियड चौदा. पोरं एकमेकांना धडकतायत. त्रेसष्ट नंबर उठताना गुडघ्यावर बसतो आणि आडवा होतो. कोच मर्ल, तरुण, शिट्टी गळ्यात, उजवा हात बाजूला झटकतात. सगळे उठून दहा यार्ड पलीकडं जातात आणि तिथं खेळ पुन्हा सुरू. कॅमेराही त्यांच्यामागून सरकतो. पण पडलेला मुलगा डाव्या कोपऱ्यात राहतो. पिरियड पंधरा, तो कोपरावर उठलाय आणि एक हात वर केलाय. पिरियड सोळा, पुन्हा हात. कुणाचंही तिकडं लक्ष नाही, सगळ्यांच्या पाठी. पिरियड सतरा, हात नाही. पिरियड अठरा, कोच मागं वळून बघतात, आणि तो अवाढव्य माणूस जिवाच्या आकांतानं धावत सुटतो. पोराला एकटा उचलतो. तिथं फिल्म संपते.

शेडमागं नव्हता तो. भर मैदानात होता. वीस मिनिटं.

पहिला विचार काय आला सांगू? रूथबाईंचा नाही. पहिला विचार आला तो यशवंतांच्या फाइलीचा. आमचं ग्रीन कार्डचं प्रकरण युनिव्हर्सिटीमार्फत चाललं होतं. एक सही राहिली होती, आणि सही करणारे बँक्वेटच्या पहिल्या टेबलावर बसणार होते. मी डबा पिशवीत टाकला, आणि पाच मिनिटांत डेनिस दारात उभा, आणखी काही निघालं का विचारत.

घरी येऊन यशवंतांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले.

“कुणी बघितलं?”

“कुणी नाही.”

“मग झाकली मूठ सव्वा लाखाची. डबा होता तिथं ठेव उद्या. आपण बरं, आपलं काम बरं.”

“अहो, ती बाई म्हणते पोरगं लाजून मेलं. त्यानं हात वर केलावता हो. दोनदा.”

“शालन,” ते म्हणाले, “मी सात वर्षं ह्या सहीची वाट बघतोय. मला परत जायचं नाही असं नाही. पण हाकलून दिलेलं जायचं नाही.”

मला त्यांचा राग आला नाही. खरं म्हणजे आला, पण त्यांनी माझ्या मनातलंच बोलून दाखवलं होतं म्हणून आला. डबा मी फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली ठेवला. फिल्म थंडीत टिकते. भीती मात्र टिकायला थंडी लागत नाही, ती कुठंही टिकते. दोन रात्री मी कूस बदलत काढल्या, आणि दिवसा टेप करत राहिले, हसणारे कोच, हवेत उचललेले कोच, पोरांच्या लग्नात नाचणारे कोच.

पाचव्या दिवशी डेनिस पुन्हा आला. ह्या वेळी दार लावून घेतलं.

“त्या ऑगस्टच्या रिळात एक जोड आहे.”

“आहे,” मी म्हणाले. जोड नाही म्हणणं माझ्याच्यानं होईना, धंद्याची लाज असते.

“वाईट आहे ना? मी मारलाय तो.” तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. “मी वीस वर्षांचा होतो. मचाणावर मीच होतो.”

मग त्यानं सांगितलं. तो सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. ते हात झटकणं म्हणजे हुकूम, ‘मूव्ह द ड्रिल’. पोरगं पडलं तर खेळ थांबवायचा नाही. ट्रेनर, म्हणजे औषधपाणी करणारा माणूस, येऊन त्याला बघतो. बाकीच्यांनी दहा यार्ड सरकायचं आणि चालू ठेवायचं. प्रत्येक कॉलेजात हीच रीत. कोचनी वाईट बुद्धीनं काही केलं नव्हतं, हजार वेळा केलेलं तेच केलं. त्या दिवशी ट्रेनर दुसऱ्या मैदानावर होता. पाणी प्यायला मनाई, कारण पाण्यानं पोरं नाजूक होतात अशी समजूत. आणि प्रत्येकाला वाटलं, मागं कुणीतरी असेल.

“आणि तू? तू तर वरून बघत होतास.”

“कॅमेरा खेळामागं न्यायचा असतो, शालन. मी नेला.” त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला. “वरून हुकूम आला की एवढा भाग काढ. काढला. शेडची गोष्ट कुणी रचली ते मला आजही माहीत नाही. तुकडा कोचनी मागून घेतला, जाळतो म्हणाले. तुला सापडला असेल तर जाळ. माझी पोरं इथल्या शाळेत आहेत. आणि तुझ्या नवऱ्याची फाइल वर आहे, विसरू नकोस.”

ती धमकी होती की काळजी, मला कळेना. दोन्ही असावं.

त्या दिवशी पाचला बाहेर पडले तर पार्किंगमध्ये कोचचा पिकअप उभा. इंजिन चालू, आत माणूस. अंधार पडायला लागला होता. मी मान खाली घालून बस स्टॉपवर गेले. दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा तोच पिकअप, तीच जागा. म्हटलं, झालं. ह्यांना कळलं की डबा चुकून खोक्यात गेला, आणि आता हे माझ्या मागावर. एवढा मोठा माणूस, एका हातानं मला उचलून मक्यात फेकेल. गाव म्हणेल बाई कुठं गेली कोण जाणे, आणि दुसऱ्या दिवशी मॅच बघायला जाईल. हसू नका. परक्या मुलखात भीतीला असलेच फाटे फुटतात.

तिसऱ्या दिवशी ते आत आले. साडेचार वाजले होते, डेनिस मीटिंगला गेलेला. कोच टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले. दार पूर्ण भरलं.

“मॅम, डबा मिळाला का?”

मी कात्री खाली ठेवली. “कसला डबा?”

“खोकं मी स्वतः भरलं. डबा मीच ठेवला. तळाला, वर्तमानपत्राखाली.”

“चुकून नाही?”

“नाही मॅम.” ते स्टुलावर बसले. स्टूल करकरलं. “सोळा वर्षांत नदीपाशी तीनदा गेलो फेकायला. शेगडीपाशी किती वेळा गेलो, मोजलं नाही. हात होत नाही. आणि दाखवायलाही हात होत नाही. मग ह्या टेपचं निघालं. वाटलं, तुम्ही इथल्या नाही. तुम्हाला मी कोण, फुटबॉल काय, कशाचं काही नाही. तुम्ही बघाल आणि जे कराल ते बरोबर असेल.”

इतक्या दिवसांची भीती होती ना, तिचा ऐकता ऐकता संताप झाला. पहिलं वाक्य मराठीतच बाहेर पडलं. “लाज नाही वाटत तुम्हाला?” त्यांना शब्द कळले नाहीत, पण मान खाली गेली. मग इंग्रजीत सुरू झाले.

“म्हणजे निवाडा मी करायचा? चार-पाच दिवस मी झोपले नाही. माझा नवरा जेवत नाही. आणि तुम्ही बाहेर गाडीत बसून काय बघत होता, ही बाई काय ठरवते ते? पोरांना एकतीस वर्षं सांगताय, भिऊ नका, अंगावर घ्या! आणि स्वतःवर आलं तेव्हा डबा एका परक्या बाईच्या खोक्यात टाकून मोकळे?”

कोच मर्लशी असं त्या गावात कुणी बोललं नसेल. माझा आवाज इतका चढला होता की शेजारच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “बँक्वेटमध्ये लावा. मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो.”

“आणि रूथबाई? त्यांनी ते सगळ्या गावासमोर, ताटात चिकन असताना बघायचं? आपलं मरणारं पोर?”

त्यांनी मान हलवली.

“आधी त्यांच्या घरी जा. गाव मग.”

ते टोपी हातात फिरवायला लागले. मग म्हणाले, “मला प्रोजेक्टर चालवता येत नाही, मॅम. तुम्ही याल?”

एकतीस वर्षं रोज प्रोजेक्टरवर फिल्म मागं-पुढं करून पोरांना शिकवणारा माणूस! झोपेतही चालवला असता. पण हे खोटं मला मोडवेना. एवढा पहाडासारखा माणूस, आणि माझ्यापेक्षा जास्त भ्यालेला. मी म्हणाले, येते. म्हणून बसले आणि लगेच वाटलं, हे काय केलं मी?

यशवंतांना सांगितलं तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं. मग उठून फ्रीझरमधून डबा काढला, पुसला आणि टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला. “गार फिल्म एकदम उघडू नकोस,” म्हणाले. “पाणी धरेल.” इतक्या वर्षांत माझ्या धंद्यातलं एवढं एकच त्यांना माहीत होतं.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. प्रोजेक्टर कोचनी उचलला. रूथबाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला. “कोच! आणि तुम्हीही! थांबा, पंपकिन पाय केलाय, कापते.” भोपळ्याचा तो गोड पदार्थ असतो. कुणी खाल्ला नाही.

पडदा नव्हता. घरात मोकळी भिंत एकच, आणि तिच्यावर डॅनीचा तोच फोटो मोठा करून लावलेला. कोच म्हणाले, “रूथ, तुला एक दाखवायचंय. ते बघितल्यावर तू मला बाहेर काढलंस तरी चालेल.” रूथबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोटो भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतला. पडदे ओढले. मी प्रोजेक्टर लावला. फिल्म दोनदा निसटली.

चौदा. पंधरा. सोळा. सतरा. अठरा.

प्रोजेक्टरच्या खडखडाटाशिवाय आवाज नव्हता. फिल्म संपली, भिंत पांढरी झाली.

“पुन्हा,” रूथबाई म्हणाल्या.

पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्या उठून भिंतीपाशी गेल्या आणि डाव्या कोपऱ्याशी उभ्या राहिल्या. त्यांच्या बाहीवर फिल्मचा उजेड पडला. पिरियड पंधरा आला तेव्हा त्यांनी बोट लावलं.

“हात वर केलाय.”

“हो,” कोच म्हणाले.

“दोनदा.”

“हो.”

“तू मला म्हणालास तो कुणाला काही बोलला नाही.”

“मी तसं म्हणालो.” कोच उभे होते. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. “मी ड्रिल हलवलं, रूथ. मागं बघितलं नाही. हेल्मेट काढून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मग ती शेडची गोष्ट आली, आणि मी ती घेतली.”

मला वाटलं त्या रडतील, किंचाळतील. मी मनात त्याचीच तयारी करत होते. त्या खुर्चीत येऊन बसल्या आणि मांडीवरच्या फोटोची काच पदरानं पुसावी तशी ॲप्रननं पुसली.

“सोळा वर्षं मी ह्याच्यावर रागावलेय,” त्या म्हणाल्या. “मेलेल्या पोरावर. एक शब्द बोलायला काय झालं होतं तुला, म्हणून. त्याच्या थडग्यावर जाऊन भांडलेय मी. त्याचा बाप मरताना म्हणाला, मुलाला बोलायला शिकवलं नाही आपण. आमचंच चुकलं म्हणत गेला तो.”

कोच रडत होते. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना बघणं फार वाईट असतं, आणि तरी मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही. आता येते.

“गॅरेजची किल्ली आहे ना तुझ्याकडे?” रूथबाईंनी विचारलं. “बर्फाचं फावडं काढायला दिलेली?”

“आहे.”

“टेबलावर ठेव. फावडं माझं आहे. ह्या वर्षीपासून मी काढीन.”

त्यांनी किल्ली ठेवली. ठेवताना तिचा आवाज झाला, आणि त्या दुपारी त्या घरात ऐकलेला तेवढाच मोठा आवाज. आम्ही निघालो. प्रोजेक्टर मीच उचलला, कारण कोच पुढं निघून गेले होते.

सोमवारी कोच मर्लनी युनिव्हर्सिटीला पत्र दिलं. त्यात सगळं लिहिलं होतं असं ते मला म्हणाले. बाहेर आलं ते एवढंच, की कोच प्रकृतीच्या कारणानं निवृत्त होत आहेत आणि बँक्वेट रद्द. मैदानाला नाव दिलं गेलं नाही. आधीचंच, नुसतं ‘प्रॅक्टिस फील्ड’ राहिलं. पण छोटं गाव, बातमी फुटायला किती वेळ? निम्मं गाव म्हणालं म्हाताऱ्याला उगाच छळलं, निम्मं म्हणालं आम्हाला आधीच शंका होती. ज्यांना आधीच शंका होती त्यांनी सोळा वर्षं काय केलं, ते कुणी सांगितलं नाही. न्हावी कोचकडून पैसे घ्यायला लागला, असं ऐकलं.

मी रोज पत्रपेटी उघडताना डोळे मिटून हात घालत होते. नोकरीतून काढल्याचं येईल, फाइल बंद झाल्याचं येईल. डेनिस माझ्याशी कामापुरतं बोलत होता. वसंतात सही झाली, ग्रीन कार्ड आलं. पुढं कळलं की वरच्या कुणाला मातीवाल्या पाटलाची बायको आणि फिल्मवाली पाटील ह्या एकच, हे माहीतसुद्धा नव्हतं. एवढी मी त्यांच्या हिशेबात नव्हतेच! आणि नोकरी गेली ती दुसऱ्या वर्षी, व्हिडिओमुळं. टेपला कात्री लागत नाही. शेवटच्या दिवशी डेनिसनं माझ्याकडून रूथबाईंचा पत्ता मागून घेतला. त्याला तो नक्कीच माहीत होता, कोचना प्रोजेक्टर चालवता येत होता तसाच. मी लिहून दिला.

लोक अजून विचारतात, कोच माणूस चांगला की वाईट? चाळीस वर्षं त्याचा विचार करतेय. वीस मिनिटं ज्यानं वळून बघितलं नाही तोही तोच, आणि अठराव्या पिरियडला ज्यानं पोराला एकट्यानं उचललं तोही तोच. सोळा हिवाळे बर्फ काढणाराही तोच. हे सगळं एकाच फिल्मवर आहे. ह्यातला कुठलाही तुकडा कापायला मला सांगू नका, ते काम मी सोडलंय.

त्या शनिवारनंतर आठवड्यानं रूथबाई लॅबमध्ये आल्या होत्या. पहिला बर्फ पडून गेला होता आणि त्यांच्या तळहातांवर फोड आले होते. डबा त्यांनी स्वतःकडे ठेवला होता, तो टेबलावर ठेवून म्हणाल्या, “ह्यातला एक फोटो काढून द्याल?” कुठला ते विचारायची गरज नव्हती. फिल्मवर सेकंदाला चोवीस चित्रं असतात. त्यातून हात सगळ्यात उंच गेलेलं एक मी शोधलं आणि कागदावर मोठं करून दिलं. दाणेदार, अंधूक. चेहरा दिसत नाही. एक पांढरा ठिपका आणि त्यातून वर आलेला हात.

ते चित्र मोकळ्या भिंतीवर गेलं. युनिफॉर्ममधला फोटो त्याच्या बाजूला, थोडा खाली. नवीन माणूस आला की विचारायचा, हे काय आहे? रूथबाई सांगायच्या, “माझा डॅनी. पाणी मागतोय.”

निगेटिव्ह कटरच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, कापलेला तुकडा फेकू नये. पुढचं मात्र कुणी शिकवत नाही, ते मी सांगते. तो ज्याचा आहे त्याच्याकडे पोचवावा, आणि स्वतः नेऊन द्यावा.